पत्ता आधीच वापरात आहे

"पत्ता आधीच वापरात आहे," असं सर्व्हरने तिसऱ्यांदा कळवलं, तेव्हा नवीने स्टूल आणखी पुढे ओढलं.

नवी म्हणजे हवामान केंद्रातली नवी मुलगी. रुजू होऊन दोन महिने झाले होते, पण नाव पडलं ते पडलं. बसायला स्टूल, कारण सर्व्हरच्या खोलीत खुर्ची एकच आणि तीवर मोडेमकाका. केंद्रातला पहिला मोडेम त्यांनी लावला होता. चौदा महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले, निरोपाची भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी पावणेदहाला काका पेपर घेऊन खुर्चीत हजर. तेव्हापासून रोज.

"साडेदहाला नवी वेबसाइट ऑफिसातूनही उघडली पाहिजे आणि बाहेरूनही," मॅडमनी सकाळी तिला केबिनमध्ये सांगितलं होतं. "उघडली की तुझी नोकरी पक्की आणि खुर्चीही तुझी. खुर्चीतल्या माणसाशी मी बोलते."

काम तसं दोन ओळींचं होतं. सर्व्हरला तीन पत्ते होते: एक ऑफिसच्या आतला, एक बाहेरच्या नव्या इंटरनेट लाइनचा आणि एक जुन्या लाइनचा, जो काढायचा राहूनच गेला होता. नव्या वेबसाइटने पहिल्या दोन पत्त्यांवर कान लावून बसायचं, एवढंच. पण तिथे आधीच कुणीतरी ठाण मांडलं होतं. नवीने शोध घेतला. एक जुना प्रोग्रॅम तिन्ही पत्ते अडवून बसला होता. सहा वर्षं, दोन महिने, एकदाही न उठता.

"काका, हा तुमचा का?"

"सहा वर्षं टिकलाय ना? मग माझाच."

"बंद करू?"

"कर की. आता तुझं राज्य," काका म्हणाले. पण पेपरची पानं उलटायची थांबली.

काहीही बंद करण्याआधी ते कोण वापरतंय हे बघायची नवीला सवय होती. तिने भेटींची नोंद उघडली. अख्ख्या वर्षात पाहुणा एकच. रविवार सोडून रोज दहा वाजून पाच मिनिटांनी यायचा, एक पान बघायचा आणि जायचा. त्या पानावर तापमान, आर्द्रता आणि सगळ्यात खाली एक ओळ: निरीक्षक हजर.

"ही खालची ओळ कोण भरतं?"

"मी. आल्या आल्या."

"आणि बघतं कोण?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "तुझी काकू."

"तुम्ही नीट पोचलात का म्हणून? मग फोन करायचा की."

"फोन केला तर मी विचारीन ना, कशाला विचारतेस म्हणून." त्यांनी आवाज खाली आणला, जसं काही भिंतीपलीकडे त्यांचं स्वयंपाकघरच होतं. "ती गाणं शिकतेय. साठाव्या वर्षी. मी घरात असलो की गळा बसतो तिचा. मी इथे अडकलोय अशी खात्री झाली, की खिडक्या लावून घेते आणि सुरू होते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शेजाऱ्यांनी. सांगितलं म्हणजे तक्रारच केली म्हण. तिला वाटतं, मला याचा पत्ताच नाही."

नवीने घड्याळ पाहिलं. दहाला दोन मिनिटं कमी होती.

"काका, तुमचा प्रोग्रॅम येईल त्याचं ऐकत बसलाय. त्याला नुसत्या जुन्या लाइनवर बसवते, काकू तिकडूनच येतात. बाकीचे दोन पत्ते मला पुरेत. पण त्यासाठी त्याला एकदा उठवावं लागेल."

"सहा वर्षांत उठला नाही तो."

"अर्धं मिनिट फक्त."

"आणि उठल्यावर परत बसू दिलं नाही तर?"

यावर दोघंही उगाचच खुर्चीकडे बघू लागले.

जुन्याच्या फाइलीत 'सगळे पत्ते' अशा अर्थाची खूण होती, तिथे नवीने एकच पत्ता लिहिला. नव्याच्या फाइलीत दोन. जुना बंद केला, पुन्हा सुरू केला. हूं नाही की चूं नाही. पत्त्यातलं एक टिंब राहिलं होतं. दहा वाजून दोन मिनिटं. तिने टिंब दिलं, आणि पान उघडलं: तापमान एकतीस, आर्द्रता चौसष्ट, निरीक्षक गैरहजर.

"अरे, मी इथेच आहे की," काका सर्व्हरला म्हणाले.

"त्याला लिहून द्यावं लागतं, काका. लवकर."

चष्मा पेपराच्या घडीत गेला होता. तो सापडेपर्यंत एक मिनिट गेलं. मग काकांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतःला हजर केलं. दहा वाजून पाच मिनिटांनी भेटींच्या नोंदीत नवी ओळ उमटली. दोघांनी एकदमच श्वास सोडला.

साडेदहाला मॅडम आल्या. त्यांनी वेबसाइट टेबलावरच्या कंप्युटरवर उघडून पाहिली, मग फोनवर. दोन्हीकडे उघडली.

"छान. नोकरीचं पत्र संध्याकाळी घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आता खुर्चीचं बघू."

"मॅडम," नवी घाईने म्हणाली, "ती जागा आधीच वापरात आहे. मला दुसरी एक मागवा ना."

"वापरात? चौदा महिने बघतेय मी. कसला वापर?"

काकांचं लक्ष नव्हतं. पेपर मांडीवर पडला होता, डोळे मिटलेले होते आणि दोन बोटं खुर्चीच्या हातावर हलकेच ठेका धरून होती. मध्येच ती अडखळली. काकांनी जराशी मान हलवली, थोडं थांबले, आणि तोच ठेका पुन्हा पहिल्यापासून धरला.