आधी दात, मग चेहरा

"तरुणपणीचा फोटो आणा म्हणालो होतो, नीलम्माबाई. यात तर तोंडच दिसत नाही."

नांदेडच्या प्लास्टिक सर्जननं लग्नाचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. कपाळावर विभूती, मोठाले डोळे आणि नाकाखाली नुसता पदर. नीलम्मानं पिशवीतून आणखी फोटो काढले. बारशाचा, जत्रेतला, कापडदुकानाच्या पूजेचा. सगळीकडं तीच तऱ्हा.

"दात लई म्होरं होते ना," ती म्हणाली. म्हणतानाही पदराचं टोक ओठांपाशी गेलंच.

डॉक्टर हसले. "बरं. घरात कुणाचं लग्न आहे का?"

"न्हाई. मालकाला मी वळखू यायला पायजे."

छप्पन्न वर्षांच्या बाईला चेहऱ्याची कातडी ताणून हवी, हे ऐकून कुणीही गालातल्या गालात हसेल. पण नीलम्माची नड खरी होती. तिच्या नवऱ्याला, सिद्धलिंगअप्पांना, विसरण्याचा आजार जडला होता. त्यांचं मन मागं ब्याऐंशी सालात जाऊन बसलं होतं. चाकूरच्या घरात रोज सकाळी ते ताजी बातमी द्यायचे, "लातूर जिल्हा झाला म्हणं!" बाहेर पारावर लोक उदगीर जिल्हा होणार की नाही यावर हमरीतुमरीवर आलेले, आणि आत अप्पांचा लातूर जिल्हा रोज नव्यानं होत होता.

त्याचं तिला काही नव्हतं. जिवाला लागायचं ते पुढचं. ती ताट घेऊन गेली की अप्पा हात जोडत. "शरणार्थ मावशी, बसा. नीलम्मा माहेरी गेलीय. ती आल्याबिगर मी जेवत न्हाई." आणि खरंच जेवत नसत. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

तेव्हा नीलम्मानं साधा विचार केला. मालक ब्याऐंशीतून इकडं येत नाहीत, तर आपण तिकडं जावं.

"चेहरा मी करीन," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचे दात वयानं आणखी पुढं सरकलेत. ते मागं घ्यायचे असतील तर आधी घ्या. ओठ दातांवर टेकलेले असतात. आज कातडी ताणली आणि उद्या दात हलवले, की सगळा मेळ बिघडला. खांब हलवायचे असले तर मांडव नंतर ताणावा."

ब्याऐंशी साली दात पुढंच होते, हे काय नीलम्माला ठाऊक नव्हतं? पण जन्माचं दुखणं आयतं जात असेल तर नको कोण म्हणेल! तिनं लातूरची दातांची डॉक्टर गाठली.

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. चूळ भरायचं पाणी ज्यानं त्यानं घरून आणायचं. नीलम्मा चाकूरहून बाटली घेऊन जायची. खुर्चीत बसताना मात्र डोळे गच्च मिटून घ्यायची.

दातांना तारा बसल्या आणि चाकूरच्या बाजाराला करमणूक मिळाली. शेजारच्या शरणम्मानं तर विचारलंच, "काय गं, आठवीत नाव घातलीस व्हय?" नीलम्मा लाजून अर्धी झाली. वय झालं तसा घरातला पदर कधीच ढिला पडला होता, तो सून हसेल या धाकानं पुन्हा तोंडावर चढला. त्यात ज्वारीची भाकरी चावेना. दूधभात आणि आंबील यांवर दिवस निघू लागले. गाल बसले, हाडं वर आली.

आणि एका दुपारी अप्पांनी तिच्या हातून ताट घेतलं. "आलीस व्हय माहेरून?"

त्या दिवसापासून अप्पा जेवू लागले.

"गुण आला, डॉक्टर," तिनं लातूरला सांगितलं. "मी हडकले, तसं मालक मला वळखू लागले."

"तारा निघाल्यावर बघा," डॉक्टरीण म्हणाली.

पुढं पाऊस झाला, विहिरींना पाणी आलं, दीडएक वर्षानं तारा निघाल्या. नीलम्मा आरशासमोर तोंड भरून हसली. मग दुकानात हसली, एसटीत हसली, घरभर हसत फिरली. भाकरीवर ताव मारला, गाल भरले. त्याच आठवड्यात अप्पांनी पुन्हा हात जोडले. "शरणार्थ मावशी, बसा."

ताट तसंच परत आलं.

"भाकरीनं घात केला," नीलम्मा कळवळून म्हणाली. आता मागं सरायचं नव्हतं. दात जागेवर बसल्यावर तिनं नांदेड गाठलं आणि चेहऱ्याचं ऑपरेशन करून घेतलं. सूज उतरेपर्यंत ती तिथंच बहिणीकडं राहिली. इकडं सून अप्पांना घोट घोट दूध पाजून दिवस ढकलत होती.

ती परतली तेव्हा चाकूरच्या स्टँडवर ओळखीचा पानवाला तिला ओळखेना. शरणम्मानं तोंडात बोटं घातली. "अगं बाई, ही तर नवरीच!"

नीलम्मानं पदर कमरेला खोचला, ताट वाढलं आणि अप्पांसमोर उभी राहिली. गुळगुळीत गाल, सरळ दातांची ओळ, सगळा चेहरा त्यांच्यापुढं ठेवून ती हसली. अप्पांनी बराच वेळ निरखून पाहिलं. तिचा जीव डोळ्यांत गोळा झाला.

"शरणार्थ," अप्पांनी हात जोडले. "नीलम्माची धाकली बहीण का तुमी? बसा. ती आली न्हाई अजून."

तिनं ताट खाली ठेवलं. कसंबसं उंबऱ्यापर्यंत जाऊन ती तिथंच खाली बसली. आत सून होती, तिला ऐकू जायला नको, म्हणून कमरेचा पदर ओढून तिनं तोंडावर घट्ट दाबून धरला आणि रडू लागली.

मागून ताट सरकल्याचा आवाज आला, तशी तिनं पदर तोंडावर तसाच धरून वळून पाहिलं.

"अगं नीले, कवा आलीस? ये, वाढ की. लई भूक लागलीय."