बटणाचा आवाज

खर्र. टक. खर्र. टक.

पडद्याच्या आत पोरगी मशीनला हनुवटी टेकवून बसली होती आणि पडद्याबाहेर बाकावर तिचा बाप, कान लावून. काचबिंदूने त्याला समोर वाटीएवढं भोक तेवढं ठेवलं होतं, बाजूचं सगळं कधीच गेलेलं. पण कान शाबूत होते. जन्मभर प्लंबिंग केलेला माणूस. भिंतीला कान लावून पाइप कुठे गळतोय ते सांगायचा.

ही टेस्ट त्याने स्वतः इतक्यांदा दिली होती की तोंडपाठ झाली होती. एका पांढऱ्या घुमटात बघत बसायचं. मशीन खर्र करतं आणि कुठेतरी उजेडाचा बारीक ठिपका टाकतं. दिसला तर बटण दाबायचं, टक. नाही दिसला तर गप्प बसायचं.

"आत काय, व्हिडिओ गेम चाललाय का?" शेजारच्या काकांनी विचारलं. पुढचा नंबर त्यांचा होता.

"तसंच समजा. फक्त यात हरलेलं फार उशिरा कळतं."

"आणि एवढ्या तरुण पोरीला कशाला हे?"

"माझ्यावर गेलीय," बाप म्हणाला.

जन्मली तेव्हापासून लोक तेच म्हणायचे. डोळे अगदी बापावर गेलेत हो. तो मिशीतल्या मिशीत हसायचा. गेल्या आठवड्यात रक्ताच्या तपासणीतही तेच आलं, फक्त डॉक्टरांच्या भाषेत. एका जीनमध्ये बिघाड आहे. त्यामुळे डोळ्यातलं एक प्रोटीन वेडंवाकडं बनतं, त्याची घडीच नीट बसत नाही. ते पेशींमध्येच अडकून पडतं, आणि डोळ्यातलं पाणी ज्या बारीक जाळीतून बाहेर जातं ती जाळी हळूहळू काम सोडते. पाणी तुंबतं, दाब वाढतो, मागची नस सुकत जाते.

"तुमच्याकडून आलंय," डॉक्टर म्हणाले होते, "पण यात चूक कुणाचीच नसते. मुलांना मिळेल किंवा नाही मिळणार, निम्मी निम्मी शक्यता."

"काय हो बाबा," पोरगी तिथल्या तिथे म्हणाली होती, "गावभराच्या तुंबलेल्या जाळ्या साफ केल्यात आणि घरचीच राहिली?"

दोघंही खूप हसले होते. रिक्षात बसेपर्यंत.

जीन आला म्हणजे डोळे गेले असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुणाचं लवकर सुरू होतं, कुणाचं उशिरा. हिचं सुरू झालंय का, ते आज कळणार होतं. पोरगी शाळेची व्हॅन चालवायची. सकाळी इथे येतानाही तिनेच चालवत आणलं होतं, आणि बाप सगळा रस्ता तिच्या बाजूला तोंड करून बसला होता.

खर्र. टक. खर्र. टक. खर्र. टक.

बापाचा जीव भांड्यात पडला. त्याने काकांच्या मांडीवर थाप मारली. "ऐकताय ना? एक सोडत नाहीये पोरगी! एकसुद्धा नाही!"

"वा वा," काका म्हणाले.

खर्र. टक. खर्र. टक.

आणि मग त्याचा हात तिथेच राहिला, काकांच्या मांडीवर. एकसुद्धा नाही, असं कसं होईल? मशीन तर काही ठिपके इतके फिके टाकतं की चांगल्या डोळ्यालाही दिसत नाहीत. मधेच कधी नुसता आवाज करतं, उजेड टाकतच नाही. कोण अंदाजाने दाबतंय ते पकडायला. तो स्वतः असाच पकडला गेला होता.

आत मशीन थांबलं.

"ताई," टेक्निशियन बाई म्हणाल्या, "उजेड नसतानाही दाबताय तुम्ही. अशाने सगळी टेस्ट फुकट जाईल. दिसलं तरच दाबा ना."

मग पोरीचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत.

"हळू बोला ना मॅडम. बाबा बाहेरच बसलेत. त्यांना सगळं ऐकू जातं."

बाप उगाच खोकला. उठला.

"अगं ए," तो पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, "मी जरा खाली चहा मारून येतो."

"एकटे नका जाऊ हं बाबा! जिना आहे!"

"एकटा कुठे? हे काका आहेत की सोबत."

काकांनी तोंड उघडलं. त्याच्याकडे बघितलं. "हो गं बाळ," ते जागचे न हलता म्हणाले, "मी आहे."

"तू निवांत कर," बाप म्हणाला. "आम्हाला वेळ लागेल."

भिंतीला तळवा लावून तो निघाला. मागे मशीन सुरू झालं.

खर्र.

तो थांबला.

खर्र.

फिका असेल. फिकाच असेल.

खर्र. टक.

खर्र.

नुसता आवाज केला असेल.

खर्र. खर्र.

तो भराभर चालायला लागला. दाराच्या चौकटीला खांदा आपटला तरी थांबला नाही. पॅसेजच्या टोकालाही खर्र ऐकू येत होतं. तिथे हात धुवायची जागा होती. हाताने चाचपून त्याने नळ शोधला आणि होता नव्हता तेवढा सोडला. पाणी बेसिनवर आपटून त्याच्या शर्टावर उडायला लागलं.

"अहो दादा!" फरशी पुसणाऱ्या मावशी ओरडल्या. "बंद करा की तो! किती पाणी वाया चाललंय!"

"हो हो," तो म्हणाला. "करतो ना मावशी, करतो."

आणि चाचपडत शेजारचा नळही त्याने सोडला.