बाई काय म्हणाल्या

"मना भाऊ कोठे शे, ते पहिले सांगा," सरलाबाई म्हणाली.

भाईदास वळला आणि दवाखान्यातल्या खाटेभोवती जमलेल्या सहा पत्रकारांना त्याने गुजरातीत सांगितलं, "बाई म्हणतात, कंपनीची माणसं पाच मिनिटांत मदतीला धावून आली."

पाच जणांनी ते लिहून घेतलं. हेमराजचं पेन तसंच राहिलं. तो अमळनेरकडचा, अहिराणी त्याच्या घरची बोली. भाईदासही नंदुरबारला वाढलेला. बाईचा शब्दन्‌शब्द त्यालाही कळला होता.

खाटेवर सरलाबाईचा नवरा दगा गुंगीत पडला होता, मानेपासून कमरेपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला. आदल्या दिवशी शहराबाहेर सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या डाइंग मिलमध्ये उकळत्या रंगाची टाकी फुटली होती. कंपनीच्या पत्रकात तीन जखमी होते, मृत कोणी नाही. सरलाबाईचा धाकटा भाऊ लोटू त्याच पाळीला, त्याच टाकीजवळ कामाला होता. तो घरी आला नव्हता आणि शहरातल्या एकाही दवाखान्यात सापडत नव्हता.

"यासनाजोडेच व्हता तो," सरलाबाईने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "गेटवर इचारं तं म्हनतस, लोटू नावना मानूसच अठे नही."

"बाई म्हणतात, औषधपाण्याचं सगळं कंपनी बघते आहे. त्यांची काही तक्रार नाही."

"हे ती बोललीच नाही," हेमराज गुजरातीत म्हणाला.

भाईदास चिडला नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो हेमराजच्याच पेपरात मुख्य बातमीदार होता. अपघात झाला की आधी जखमीला विचारायचं, मालकाला मागून, हे हेमराज त्याच्याच हाताखाली शिकला होता. आता भाईदासच्या कार्डावर मिलचं नाव होतं आणि त्याखाली 'जनसंपर्क अधिकारी'.

"मग काय बोलली, तू सांग," तो म्हणाला.

हेमराजने सांगितलं. लोटूचं नाव, पाळी, गेटवरचं उत्तर, सगळं. पाचही पेनं थांबलेलीच होती. त्यांतला वयाने मोठा पत्रकार घसा खाकरून म्हणाला, "ते ठीक आहे. पण अधिकृत काय?"

"अधिकृत तुमच्या हातात आहे," भाईदासने पत्रकाच्या टाइप केलेल्या कागदाकडे मानेने खूण केली. "फोटोही जोडलाय."

पाचही जणांनी कागद घडी करून खिशात टाकले. सरलाबाईला गुजराती बाजारापुरतीच येत होती. पण हेमराजच्या तोंडून तिने दोनदा लोटूचं नाव ऐकलं होतं. तिने त्याचं नाव विचारून घेतलं आणि त्याच्याकडे बघून हात जोडले.

जिन्यावर भाईदासने त्याला गाठलं. "तुझं-माझं काही वैर नाही, हेमराज."

"माझं आहे."

"मी बातमी दाबत नाही. तुम्ही लिहायच्या आत लिहून देतो, एवढंच." त्याने हेमराजच्या खांद्यावर हात ठेवला. हेमराजने तो झटकला.

ऑफिसात जाऊन त्याने तीन पानं लिहिली. लोटूचं नाव पहिल्याच ओळीत घातलं. संपादक फोनवर होते. त्यांनी खुणेनेच पानं टेबलावर ठेवायला सांगितलं.

सकाळी पेपर उघडला तर पहिल्या पानावर कंपनीचं पत्रक होतं, काना-मात्रा न बदललेलं. टाकी 'किरकोळ बिघाडामुळे' फुटली होती. सरलाबाई कंपनीचे आभार मानत होती. आणि वर छापलं होतं: हेमराज पाटील यांजकडून.

"तुझी तीन पानं वाचून जुळवायला वेळ कुणाला होता?" संपादक म्हणाले. "त्याचं तयार आलं, फोटोसकट."

"मग माझं नाव कशाला?"

"तू तिथे होतास ना? वाचणाऱ्याला असं वाटायला नको, की कंपनीनेच लिहिलंय."

हेमराजने ओळखपत्र काढून त्यांच्यासमोर टाकलं. संपादकांनी ते उचलून खणात ठेवलं आणि पुन्हा फोन लावला.

दुपारी तो वॉर्डात गेला तेव्हा पेपर दगाच्या पायाशी पडला होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सरलाबाईला सगळी बातमी हिंदीत समजावून सांगितली होती, वरच्या नावासकट.

"ताई, ते मी नही लिखं," हेमराज म्हणाला.

तिने मान वर केली नाही. दगाच्या ओठांना ओलं फडकं लावत राहिली. "त्यासले मनी बोली समजनी नही, भाऊ," ती म्हणाली. "तुले तं समजनी व्हती."

संपादक, पत्रक, खण, यांतलं काही तिला सांगून उपयोग नव्हता. हेमराजने खिशातून वही काढली. दुसऱ्या एका पेपरात त्याच्या ओळखीचं कुणी होतं. लोटू परवा किती वाजता घरून निघाला, अंगात कोणता शर्ट होता, हे तो विचारू लागला.

सरलाबाईने हात पुढे करून वही मिटली.

"आते काही लिखू नको."

फडकं तिने शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोकडे दिलं, दगाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि खाटेखालच्या चपला पायात घातल्या.

"मनासंगे सचिनले चाल," ती म्हणाली. "गेटवर तू बोल. मी आयकस."