पहिलं पॉलिश

मास्तरांनी अख्ख्या गाडीला एकदमच पॉलिश फासलं आणि तिथंच घोळ झाला.

शेजारच्या रंगाऱ्यानं कुंपणावरून बजावलं होतं, की वीतभर जागा घ्यायची, गोल हात फिरवत लावायचं, वाळायच्या आत पुसायचं आणि मगच पुढची वीत. पण मास्तरांना घाई होती. दुपारी बायकोला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. आता इथं ठेवून काही उपयोग नाही, घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याचा अर्थ मास्तरांना कळला होता आणि कळूनही त्यांनी तो बाजूला सारला होता. घरी येतेय ना, मग चांगल्या गाडीतून येऊ दे, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

गाडी काळी. घेतल्यापासून तिला बादलीभर पाण्यापलीकडं काही ठाऊक नव्हतं. "शाळेतला फळा रोज पुसता, हा कधी पुसणार?" असं बायको आल्यागेल्यासमोर विचारायची आणि मास्तर म्हणायचे, सुट्टीत बघू. सुट्ट्या आल्या नि गेल्या. मास्तर निवृत्त झाले, मग तर रोजच सुट्टी, तरी फळा तसाच. मुहूर्त लागला तो आज.

आणि आता पॉलिश उन्हात कडक वाळून काळी गाडी चुना फासल्यासारखी पांढरीफटक झाली होती. रंगाऱ्यानं कपाळावर हात मारला. पण मास्तरांचा चेहरा बघून त्यानं गाडी फाटकाजवळच्या सावलीत ढकलायला मदत केली, घरून मऊ कापडं आणून दिली आणि सांगितलं, की आता सगळी मनगटाची परीक्षा आहे.

मास्तर घासत बसले. खांदे भरून आले, बोटं वळेनात, पण पांढऱ्याखालून जो काळा रंग वर आला तो त्यांनी शोरूमनंतर पाहिलाच नव्हता. बॉनेटमधून स्वतःचंच दाढी वाढलेलं तोंड समोर आलं तेव्हा त्यांना लाज वाटली. आत जाऊन त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, पुढच्या सीटवर टेकायला उशी ठेवली आणि पुन्हा कामाला लागले. घरात जायच्या वाटेकडची दोन दारं तेवढी राहिली होती.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. आम्ही अँब्युलन्सनंच निघतोय, तुम्ही यायची गरज नाही, असं ती सांगत होती. मास्तरांना ते पटेना. आपली गाडी असताना अँब्युलन्स कशाला, आणि तू अजून गाडी बघितली कुठं आहेस, असं बरंच काही ते बोलत राहिले.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "तिला बसता येत नाही आता."

हे काय मास्तरांना माहीत नव्हतं? रोज संध्याकाळी खाटेशेजारी तेच तर बसत होते. पण सकाळपासून त्यांच्या डोळ्यांसमोर ती पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर पर्स घेऊन, सावकाश चालवा म्हणत. त्यांनी फोन ठेवला. आणि राहिलेली दारं पुसायला घेतली. बसणार नाही तर नाही, आत जाताना बघेल तरी. त्या दोन दारांवर त्यांनी सगळ्यांत जास्त जीव ओतला.

अँब्युलन्स फाटकाबाहेर थांबली. दोघं जण स्ट्रेचर ढकलत आत आले. भिंत आणि गाडी यांच्यामधून कसंबसं जाण्याइतकीच वाट होती.

"जरा थांबा," मास्तर म्हणाले.

"बाबा, नको. आधी आत जाऊ."

"अगं, एक मिनिट. बघू दे की तिला."

माणसं थांबली. तिनं हळूहळू मान वळवली. स्ट्रेचर गाडीच्या दाराच्याच उंचीचं होतं. मास्तर तिच्या तोंडाकडं बघत होते, आनंद कधी उमटतो याची वाट बघत. तो उमटेना, तेव्हा ती बघत होती तिथं त्यांनी पाहिलं.

दारात एक डोकं होतं. केस नसलेलं, गाल आत गेलेले, डोळे तेवढे मोठे.

मुलगी झटकन मध्ये येऊन गाडीला पाठ लावून उभी राहिली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. इतके दिवस तिनं आईच्या हाती आरसा लागू दिला नव्हता. काळ्या पडद्यात तोंड दिसतं म्हणून उशाशी मोबाइलसुद्धा पालथा ठेवायची. मास्तरांनी तो रोज पालथा पाहिला होता. कशासाठी, हे त्यांना आत्ता कळलं. आपण आपल्या हातानं, सकाळपासून घासून घासून हे केलं.

"सरक गं," ती मुलीला म्हणाली.

मुलगी सरकली. आई पुन्हा बराच वेळ त्या दाराकडं बघत राहिली. अनोळखी माणसाकडं आधी बघतात आणि मग ओळख पटवतात, तसं.

"छान झालीय हो गाडी," ती मास्तरांना म्हणाली. "हात दुखले असतील."

त्या माणसांनी स्ट्रेचर पुढं न्यायला हात लावला, तशी तिनं मुलीचं मनगट धरलं.

"आता तो मोबाइल सरळ ठेवलास तरी चालेल."