एलाय कॉर्बिनचा एकमेव फोटो

मेलेल्या माणसाला दाराच्या फळीवर बांधून दुकानाच्या भिंतीशी उभं केलं होतं. त्याच्या मिशांवर ओढ्याकाठच्या झाडांचा कापूस उडून बसत होता. जून महिन्यात हा कापूस सॉरेल क्रीक गावभर तरंगतो, आणि भर दुपारीही गाव झोपेत असल्यासारखं वाटतं.

प्रिचर्ड फोटोवाला कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरला. काचेवर सगळं उलटं होतं. मेलेला माणूस आभाळात पाय रोवून लोंबत होता आणि कापूस खालून वर पडत होता.

“हलायचा नाही तो, प्रिचर्ड!” कुणीतरी ओरडलं. “असं गिऱ्हाईक पुन्हा मिळणार नाही तुला!”

लोक हसले. मार्शल हॅस्किन्स हसला नाही. बँक लुटताना गोळी लागलेल्या या माणसाने मरता मरता सांगितलं होतं, मी एलाय कॉर्बिन. पण मरतानाही कुणी फुशारकी मारतं. त्या नामचीन दरोडेखोर कॉर्बिनचा फोटो कुठेच नव्हता. त्याचा चेहरा नक्की ओळखेल अशी एकच बाई होती, आणि ती आत्ता गाडीतून उतरत होती.

ड्रुसिला कॉर्बिन. नवरा परागंदा झाल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्याच्या शोधात बंदूकवाले तिच्या शेतावर येत, कोठार उपसत, गाद्या फाडून बघत.

“नीट बघा, बाई,” मार्शल म्हणाला. “हा तो नसेल, तर मला पुन्हा घोड्यावर खोगीर चढवावं लागेल. पुन्हा तुमच्याच दारात यावं लागेल.”

ती मेलेल्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

“बाई, जरा बाजूला व्हा,” कापडाखालून आवाज आला. “उजेड अडतोय.”

ती दचकली. वळून कॅमेऱ्याकडे बघत राहिली. मग हात पुढे करून तिने मेलेल्याच्या मिशांवरचा कापूस हलकेच पुसला, आणि तिला रडू कोसळलं. अगदी आतून आलेलं रडू.

“हाच,” ती म्हणाली. “हाच माझा एलाय.”

लोकांनी टोप्या काढल्या. प्रिचर्डने भिंगावरचं झाकण उचललं.

उन्हं कलताना त्याला मूठमाती दिली. मग ड्रुसिला एकटीच ओढ्याकडे चालत गेली. प्रिचर्ड तिथे वाकून काचा धूत होता. तिला पाहताच तो उठला. त्याचे डोळे भरून आले.

“सिला,” तो म्हणाला, “वाटलं होतं, या दाढीत तू मला ओळखणारच नाहीस. चल, बस माझ्या गाडीत. आता एलाय कॉर्बिनला कुणी शोधणार नाही. तू मला वाचवलंस गं.”

“वाचवलं नाही,” ती म्हणाली, “पुरलं. निघते मी, मिस्टर प्रिचर्ड.”