तिसऱ्या रांगेतली साक्षीदार

चोर दाराआड उभा होता आणि चोराच्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

चोर म्हणजे ग्रंथालयातल्या मावशी. अंगात माळ्याचा रेनकोट, टोपी कपाळावर ओढलेली, तोंडाला रुमाल. लॉ कॉलेजचं नवं वर्ष गेली अकरा वर्षं असंच सुरू होत होतं. पुराव्याचा कायदा शिकवणारे सर पहिल्याच तासाला टेबलावर आपली बॅग ठेवायचे, बोलता बोलता मोठ्यांदा खोकायचे, आणि मावशी आत घुसून ती बॅग पळवायच्या. मग नव्या पोरांनी साक्ष द्यायची: चोर कसा होता? सुट्टीवरून परतलेली वरच्या वर्गांतली मंडळी गंमत बघायला खिडक्यांना लटकायची, पण गुपित कुणी फोडत नसे. मावशींनी तर ते घरीही सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांत एकाही साक्षीदाराने त्यांना ओळखलं नव्हतं, आणि त्यांना त्याचा कोण अभिमान!

आज मात्र दाराच्या फटीतून त्या आत डोकावल्या आणि चटकन मागे सरकल्या. तिसऱ्या रांगेत त्यांची लेक बसली होती.

लेकीला इथेच प्रवेश मिळाला, हे कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं. मावशींनीच ते लपवलं होतं. "पोरगी लांबच्या कॉलेजात गेली," अशी थाप त्यांनी झाडून सगळ्यांना मारली होती. पुस्तकांवरची धूळ पुसणारीची मुलगी म्हणून पोरीकडे कुणी बघू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. "फाटकाच्या आत आलीस की तू मला ओळखायचं नाहीस," असं त्यांनी लेकीला बजावलं होतं. लेक म्हणाली होती, "म्हणजे दहा ते पाच मी बिनआईची." मावशी हसल्या होत्या. लेक हसली नव्हती.

शिवाय लेक दुसऱ्या तुकडीत, म्हणून मावशी निर्धास्त होत्या. आज सकाळी दोन्ही तुकड्या एकत्र बसवल्या, हे चोराला कोण कळवणार?

सर खोकले.

आता माघार कुठली! मावशी आत घुसल्या, बॅग उचलली आणि बाकांमधून मागच्या दाराकडे धूम ठोकली. आरडाओरडा झाला, बाकं सरकली, कुणाचं तरी जाडजूड पुस्तक खाली आपटलं. दहा-पंधरा सेकंदांत खेळ खलास.

पाव तासाने पाच संशयित फळ्यासमोर उभे केले गेले: माळी, रखवालदार, कॅन्टीनवाले काका, झेरॉक्सवाला आणि हातात धूळ पुसायचं फडकं घेतलेल्या मावशी.

साक्षी चांगल्याच रंगल्या. एकाने चोर सहा फुटी केला. एकीने त्याला लंगडायला लावलं. एका पठ्ठ्याला तर रुमालाआडची मिशीसुद्धा दिसली होती. बहुमत दरवर्षीप्रमाणे माळ्याच्या बाजूने पडलं आणि माळीही दरवर्षीप्रमाणे खुशीत मान डोलावू लागला. मावशींचा जीव जवळजवळ भांड्यात पडला.

"तिसरी रांग," सर म्हणाले. "तू मघापासून गप्प आहेस. काही दिसलं नाही का?"

लेक उभी राहिली. मावशींनी हळूच मान हलवली. नको गं, बाई.

"दिसलं, सर. पळता पळता चोराच्या पायाशी एक पुस्तक पडलं. चोर थांबला. त्याने ते उचललं, बाहीने पुसलं, दुमडलेलं पान सरळ केलं आणि बाकावर नीट ठेवलं. मग पळाला."

वर्गात खसखस पिकली. मावशींनी आठवून पाहिलं. खरंच की! हात आपसूक गेला होता. वीस वर्षांची सवय, ती काय रेनकोट चढवला म्हणून जाते?

"मग ओळख पटव." सर खुर्चीत पुढे सरकले. "यांच्यातला कोण?"

लेक फळ्यापाशी आली. माळ्याकडे नुसतं बोट केलं असतं तरी निभावलं असतं. आईचं गुपित पुढची सगळी वर्षं शाबूत राहिलं असतं. पण ती माळ्याला ओलांडून गेली, रखवालदाराला ओलांडून गेली, आणि मावशींच्या शेजारी, संशयितांच्या रांगेतच, जाऊन उभी राहिली.

"माझी साक्ष जरा जपूनच घ्या, सर," ती म्हणाली. "मी आरोपीची नातेवाईक आहे. सगळ्या कॉलेजच्या या मावशी. माझी आई."



"अहो, पण ही तर लांबच्या कॉलेजात गेली होती ना?" झेरॉक्सवाला म्हणाला.

मग जो हशा उसळला! खिडक्यांतून टाळ्या पडल्या. "मावशी पकडल्या!" असं कुणीतरी ओरडलं आणि ती बातमी कॅन्टीनपर्यंत पोचली. लेकीने मावशींचा हात फडक्यासकट धरला होता आणि ती तो सोडत नव्हती. तिची मान ताठ होती. डोळे भरले होते. मावशींना मात्र हसू आवरेना.

सरांनी टेबलावर डस्टर आपटला. "अकरा वर्षांत पहिल्यांदा आरोपी हाती लागलाय! मावशी, गुन्हा कबूल?"

मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं आणि लेकीला जवळ ओढलं.

"कबूल, साहेब," त्या म्हणाल्या. "बॅग पळवली तीही मीच, आणि लेक लपवली तीही मीच."