शनाभाईंचा धडा

निजामपुऱ्यातल्या ऑफिसात नीरजा कारखान्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण बनवायची. मुदत हुकू नये म्हणून एकदा तिनं शनाभाई नावाच्या गुजराती कामगाराची सुरक्षेची परीक्षा स्वतःच देऊन टाकली. शंभरपैकी शंभर! महिन्याभरात शनाभाई यंत्रात सापडून गेले.

खोटं वाटेल तुम्हाला, पण तेव्हापासून धड्यात तिचा रेकॉर्ड केलेला आवाज "समजलं ना?" विचारायचा आणि मागून कुणीतरी खोकून म्हणायचं, "नाही समजलं, बेन."

"मला तर काहीच ऐकू येत नाही गं," शेजारच्या टेबलावरची तेजश्री हेडफोन काढत म्हणाली. "कान तपासून घे."

दुपारी नीरजानं तो प्रश्नच गाळून धडा पुन्हा रेकॉर्ड केला आणि हेडफोन लावून ऐकला.

आधी शांतता. मग खोकला.

"बेन, आता विचारणारही नाही?"